पर्लचं पथ्य आणि आर्डिसची हॉटडिश

"मांजर सांभाळायचं म्हणजे असं काय मोठं असतं गं?" व्हर्लिन टोलेफसन स्वयंपाकघराच्या मधोमध छाती काढून उभा होता. "चौतीस वर्षं मी या गावाची धान्याची कोठारं सांभाळलीत! डोंगराएवढा मका सुकवला, एक दाणा कुजू दिला नाही. आणि ही आठ पौंडांची म्हातारी मला भारी पडणार?"

मार्लिसने बॅग भरता भरता वर पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात हे भाषण तिने निरनिराळ्या वस्तूंच्या बाबतीत ऐकलं होतं. छपराच्या बाबतीत ऐकलं, तेव्हा व्हर्लिन शिडीने वर गेला आणि छपरातून खाली आला. कपडे धुण्याच्या मशीनच्या बाबतीत ऐकलं, त्यानंतर तळघरात दोन दिवस गमबूट घालून वावरावं लागलं होतं.

"हे बघ," ती म्हणाली, "पर्लचं पथ्य छप्पन्न दिवसांचं. आज सेहेचाळिसावा. डॉक्टरनं दिलेल्या पिशवीतलं खाणं, बाकी काही नाही. दुसरा कण जरी तोंडात गेला तरी मोजणी पुन्हा एकपासून. कळलं?"

"कळलं."

"कण, व्हर्लिन!"

"कळलं म्हटलं ना!"

पर्ल शेगडीजवळ बसून हे ऐकत होती. वय वर्षं तेरा. पोटावरचे केस चाटून चाटून गेलेले, पाठीवर खपल्या, हिरड्या सुजलेल्या आणि चार दात हलते. तिने जांभई दिली की घरातली माणसं बोलता बोलता खिडकीकडे सरकायची. खाण्यातलं काहीतरी तिच्या कातडीला सोसत नव्हतं, आणि ते काय हे शोधायला हे पथ्य होतं. कातडी शांत झाली, की सत्तावन्नाव्या दिवशी दात काढायचे ठरले होते. तोवर तिने अंग ओरबाडू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा कोन. त्यातून ती जगाकडे असं बघायची, जणू हा कोन जगानेच तिला घातलाय. तेही खरंच होतं म्हणा.

"आणि हे छप्पन्न दिवस बिनचूक गेले," मार्लिसने बॅगेची चेन ओढली, "तर तू तुझ्या त्या खोपटीत जा दहा दिवस. मी एक शब्द बोलणार नाही."

व्हर्लिनचे कान टवकारले. खोपटी म्हणजे गोठलेल्या तळ्यावरची त्याची लाकडी खोली. आत एक शेगडी, एक खुर्ची, खाली बर्फाला पाडलेलं भोक आणि भोकाखाली वॉलआय मासे. मिनेसोटातल्या पुरुषाला स्वर्गात याहून जास्त काही मिळत असेल, असं व्हर्लिनला वाटत नसे. पण दोन वर्षांपूर्वी त्याचा ट्रक बर्फातून खाली गेला, तेव्हापासून खोपटी बंद होती. (ट्रक निघाला. मार्लिसचा राग अजून निघायचा होता.)

"अजून एक," ती दारातून म्हणाली. "मी डुलुथला कशाला चाललेय ते गावात कोणाला सांगायचं नाही. आयोनने मला शपथ घातलीय."

आयोन ही मार्लिसची धाकटी बहीण. तिचे वरचे सगळे दात काढून कवळी बसवायची होती. आता कवळी काही चोरी नव्हे; पण आयोन तरुणपणी जिल्ह्याची दुग्धराणी निवडून आली होती आणि तिचं हसू वर्षभर दुधाच्या डब्यांवर छापलं गेलं होतं. त्या हसण्याला कवळी लागली हे गावाला कळण्यापेक्षा ती तळ्यात उतरली असती.

"माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही," व्हर्लिन म्हणाला. त्याने एवढा एकच शब्द पाळला, आणि सगळा घोळ नेमका त्यानेच झाला!

मार्लिस गेल्यावर त्याने कोठारात असायचा तसा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. खाणं, पाणी, खाज, हिरड्यांचं औषध, आंघोळ. मंगळवारी आंघोळ होती. औषधी शाम्पू अंगावर दहा मिनिटं राहू द्यायचा, असं बाटलीवर लिहिलेलं. बाटलीवाल्याने मांजर पाहिलेलं नसावं. तिसऱ्या मिनिटाला पर्ल व्हर्लिनच्या खांद्यावर होती, चौथ्याला डोक्यावर आणि पाचव्याला न्हाणीघराच्या पडद्याच्या दांडीवर. उरलेली पाच मिनिटं दोघांनी एकमेकांकडे बघत काढली. तक्त्यात त्याने लिहिलं, 'आंघोळ: झाली.' कोणाची ते लिहिलं नाही.

बुधवारी चर्चच्या तळघरात कॉफी असते. व्हर्लिन गेला, तेव्हा त्याच्या गालावर तीन लाल रेघा होत्या, हनुवटीवर एक, आणि हिरड्यांना औषध लावताना चावलेल्या बोटाला पट्टी. माणसाच्या जखमेकडे टक लावून बघणं इकडे असभ्य समजतात, म्हणून सगळ्या बायका त्याच्या कानाकडे बघत होत्या.

"काय व्हर्लिन, कसं काय?" डोरीन व्हिकने विचारलं. चर्चच्या स्वयंपाकघराच्या किल्ल्या डोरीनकडे असतात, म्हणजे चर्च तिच्याकडेच असतं. पाद्रीबाई येतात आणि जातात.

"वाईट नाही."

"मार्लिस दिसली नाही ती?"

"बाहेरगावी गेलीय."

"हो का? कुठे रे?"

"अशीच... बाहेरगावी." व्हर्लिनला खोटं जमत नाही. तो कानापर्यंत लाल झाला, आणि सगळ्या जणी कानाकडेच बघत होत्या.

"कधी येणार म्हणे?"

"बघू आता."

"बरं," डोरीन म्हणाली.

झालं! तीन प्रश्न संपले. या गावात चौथा प्रश्न विचारत नाहीत. चौथ्या प्रश्नाच्या जागी हॉटडिश आणतात.

बायको न सांगता गेली, नवऱ्याचं तोंड ओरबाडलेलं, कधी येणार ते त्याला ठाऊक नाही! कॉफीचे कप धुऊन व्हायच्या आत गावाने चाळीस वर्षांचा संसार मोडून टाकला. आणि ज्याचा मोडला, तो घरी बसून मांजराच्या हिरड्या पुसत होता.

गुरुवारी चारच्या ठोक्याला दार वाजलं. डोरीन, हातात फॉइल लावलेलं काचेचं भांडं, म्हणजेच हॉटडिश. नूडल्स, टूना, डब्यातलं घट्ट सूप आणि वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्या, सगळं एकत्र भाजलेलं.

"छे छे, कशाला उगीच," व्हर्लिन म्हणाला.

"काही नाही रे, होतीच केलेली."

"नको गं, मला एकट्याला किती लागतं?"

"एकट्याला" म्हटल्यावर डोरीनच्या डोळ्यांत पाणी आलं. "ठेव रे," ती म्हणाली.

"बरं, ठेवतो."

यात व्हर्लिनचं काही चुकलं नाही. दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, ही इथली रीत. पहिल्यांदाच हो म्हणणारा हावरट ठरतो, आणि तिसऱ्यांदा नको म्हणणारा कोणी अजून जन्मलेला नव्हता. व्हर्लिनला वाटलं, गावाला पर्लच्या आजाराचं कळलंय. 'काय माणसं आहेत!' म्हणून त्याने दोन्ही हातांनी भांडं घेतलं.

शुक्रवारी आर्डिस क्वाम आली. आर्डिस सात वर्षांपूर्वी विधवा झाली, आणि व्हर्लिन कोठारात होता तेव्हापासून त्याला बघून केस सावरायची. तिने भांडं दिलं आणि त्याच्या पट्टीवर हात ठेवला.

"फार सोसलंस रे."

"काय करणार? तोंडाला हात लावला की चावते," व्हर्लिन म्हणाला.

"चावतेसुद्धा?" आर्डिसने हात छातीशी नेला.

"दात हलतायत म्हणून बरंय!"

आर्डिस घाईघाईने निघून गेली. शनिवारपर्यंत पोर्चवर आणखी तीन हॉटडिश आल्या. बाहेर शून्याखाली वीस, त्यामुळे पोर्च हाच फ्रीझर. भांड्याच्या तळाशी चिकटपट्टीवर प्रत्येकीचं नाव. भांडं संपवल्याशिवाय परत करता येत नाही, आणि रिकामं तर मुळीच परत करता येत नाही. व्हर्लिन दिवसातून तीन वेळा हॉटडिश खात होता आणि शेजारी बसून पर्ल पिशवीतलं तपकिरी भुसकट खात होती. तिच्या नजरेत जे होतं ते तक्त्यात लिहायला रकाना नव्हता.

तरीही, खरं सांगायचं तर, दोघांचं जमत चाललं होतं. संध्याकाळी ती कोनासकट त्याच्या मांडीवर चढायची. कोनाची कड बरगडीत रुतायची, पण व्हर्लिन हलायचा नाही. पोटावर बारीक मऊ लव यायला लागली होती. त्याने खाजेच्या रकान्यात 'शून्य' लिहिलं आणि शून्याला दोनदा गिरवलं.

बावन्नावा दिवस रविवार. व्हर्लिनने डोरीनची आणि आर्डिसची भांडी वितळायला टेबलावर काढली आणि तो चर्चला गेला. जाणं भागच होतं. गेला नसता तर सहावी हॉटडिश आली असती.

परत आला तर पर्ल टेबलावर! दोन्ही भांड्यांची फॉइल फाटलेली. ती डोरीनच्या भांड्यात तोंड घालून बसली होती आणि कोन नूडल्सवर असा चपखल बसला होता, की तिला मान हलवायचीही गरज उरली नव्हती. आर्डिसच्या भांड्यातला तर कोपराच गायब होता.

"पर्ल!"

पर्लने वर पाहिलं. कोनात सूप, मिशांवर टूना, आणि चेहऱ्यावर सात आठवड्यांत पहिल्यांदाच समाधान.

चारच दिवस राहिले होते! खोपटी, शेगडी, वॉलआय... सगळं व्हर्लिनच्या डोळ्यांसमोरून बर्फाखाली गेलं. त्याने कपाळाला हात लावून पर्लच्या डॉक्टरला, ब्रिटाला, फोन केला.

"पथ्याचं नंतर बघू," ब्रिटा म्हणाली. "आधी सांगा, त्यात कांदा होता का?"

"कांदा? मला काय माहीत?"

"व्हर्लिन, मांजराला कांदा विष असतो. असेल तर ताबडतोब तिला ओकायला लावावं लागेल. आणि तिच्या त्या तोंडाला ते सोसेल का, याची मला खात्री नाही. ज्यांनी केलंय त्यांना विचारा आणि दहा मिनिटांत मला सांगा!"

व्हर्लिनने खाली पाहिलं. पर्ल त्याच्या पायाला अंग घासत होती. त्या क्षणी कोणी त्याला म्हटलं असतं, की खोपटी दे आणि मांजर घे, तर त्याने खोपटीबरोबर ट्रकही देऊन टाकला असता.

त्याने डोरीनला फोन लावला.

"डोरीन, तुझ्या हॉटडिशमध्ये कांदा आहे का?"

असा प्रश्न या गावात शंभर वर्षांत कोणी विचारला नव्हता. हॉटडिशबद्दल 'छान झालीय' एवढंच बोलतात, मग ती कशीही असो.

"का रे? काही... वेगळी लागली का?" डोरीनचा आवाज गारठला.

"नाही, नाही! छान झालीय!" मांजराने खाल्ली हे सांगायची सोय नव्हती. ते सांगितलं असतं तर पुढच्या तीन पिढ्या टोलेफसनांना चर्चमध्ये मागच्या बाकावर बसावं लागलं असतं. "मला आपलं... कृती हवी होती."

"पुरुषाला कृती?" आणि मग एकदम हळवं होत, "अरे देवा. आता तुलाच करून खावं लागणार, नाही का? लिहून घे. नूडल्स एक पाकीट..."

"कांदा, डोरीन, कांदा!"

"कांदा नाही रे बाबा! आमच्या सासूबाईंना चालत नसे. त्या जाऊन वीस वर्षं झाली, तरी माझी छाती होत नाही घालायची."

व्हर्लिनने डोरीनच्या सासूला मनोमन हात जोडले आणि आर्डिसला फोन लावला. सहा मिनिटं उरली होती.

"आर्डिस, तुझ्या हॉटडिशमध्ये काय काय आहे?"

"इश्श! असं सांगतात का कोणी?" आर्डिस लाजली. "आमच्या घरची जुनी कृती आहे ती."

"आर्डिस, सांग! माझा जीव टांगणीला लागलाय!"

"व्हर्लिन! इतकी आवडली?"

"कांदा आहे का नाही, एवढंच सांग! तुझ्या पाया पडतो!"

मग फोनमधून हुंदका आला. "मला नाही माहीत."

"तूच केलीस ना?"

"मी नाही केली!" ती रडायलाच लागली. "विकतची आहे! पलीकडच्या गावातल्या दुकानातून गोठवलेली आणते आणि माझ्या भांड्यात काढते. आमचे हे गेल्यापासून एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो रे. सात वर्षं झाली. डोरीनला कळलं तर मला गाव सोडावं लागेल!"

"कळणार नाही! खोका कुठाय?"

"बाहेर, कचऱ्याच्या डब्यात."

"जा!"

आर्डिस क्वाम, वय वर्षं एकाहत्तर, घरातल्या सपाता घालून शून्याखाली वीसमध्ये कचऱ्याच्या डब्यात वाकली. फोन कानाला होता. व्हर्लिनला तिचे दात वाजलेले ऐकू येत होते.

"मिळाला! वाचते. गव्हाचं पीठ... दूध... टूना... मीठ... अक्षर केवढं बारीक आहे रे... सोयाबीनचं तेल... मक्याचं पीठ..."

"पुढे!"

"हे काहीतरी लांबलचक आहे. मला उच्चारता येत नाही."

"ते सोड! पुढे!"

"...सेलरी... पुन्हा मीठ... रंग. संपलं."

"कांदा?"

"नाही. लसूणसुद्धा नाही. म्हणूनच इतकी बेचव लागते."

"आर्डिस!" व्हर्लिन मोठ्याने ओरडला, "तू देवासारखी धावून आलीस! तुझे उपकार मी जन्मात विसरणार नाही!" आणि त्याने फोन ठेवून ब्रिटाला लावला. कचऱ्याच्या डब्याशी सपातांत उभ्या असलेल्या आर्डिसला बराच वेळ थंडी वाजली नाही.

पर्ल वाचली. पथ्य मात्र गेलं. "त्या दोन हॉटडिशमध्ये मिळून वीसेक वस्तू आहेत," ब्रिटा म्हणाली. "अंगावर चट्टे उठले तरी ते कशाने, ते सांगता येणार नाही. पुन्हा एकपासून. आणि दात त्यानंतर." संध्याकाळपर्यंत पोटावर लाल चट्टे उठले. व्हर्लिनने ते पाहिले आणि त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने तिला नीट पुसलं आणि मलम लावलं. ती चावली. या वेळी त्याने हात मागे घेतला नाही.

सोमवारी मार्लिस आली, ठरल्यापेक्षा तीन दिवस आधी. कोट न काढताच ती स्वयंपाकघरात उभी राहिली.

"मला पाद्रीबाईंचा फोन आला होता," ती म्हणाली. "विचारत होत्या, मी सुखरूप आहे ना, आणि परत यायची काही आशा आहे का. व्हर्लिन, आपलं लग्न मोडलंय?"

"माझ्या माहितीत तरी नाही."

"मग मी तुला ओरबाडून पळून गेले, आणि तू आर्डिसच्या पाया पडतोयस, हे काय आहे?"

व्हर्लिनने सगळं सांगितलं. आर्डिसच्या खोक्याचं मात्र सांगितलं नाही. शब्द म्हणजे शब्द. मार्लिस आधी रागावली, मग खुर्चीत बसली आणि कोट तोंडात धरून हसली. मग तिने पर्लला उचलून तिचं पोट पाहिलं आणि हसायची थांबली.

"एक शब्द शिक, व्हर्लिन. 'नको.' तिसऱ्यांदाही 'नको.' मांजराचा जीव जात होता त्या तुझ्या भिडेपायी."

"शिकतो."

तो खरंच शिकला. दोन दिवस पर्लसमोर बसून त्याने सराव केला. बुधवारी दार वाजलं. आर्डिस, केस सेट केलेले, हातात गरम भांडं. "या वेळी स्वतः केलीय," ती हळूच म्हणाली. "चूल पेटवली. कांदा नाही."

"नको, आर्डिस."

"काही नाही रे, होतीच केलेली."

"नको गं."

"ठेव रे."

व्हर्लिनने डोळे मिटले. "नको," तो म्हणाला. तिसऱ्यांदा!

आर्डिस भांडं घेऊन तशीच उभी राहिली. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा आत उभ्या असलेल्या मार्लिसकडे पाहिलं आणि निघून गेली. व्हर्लिनला वाटलं, जमलं!

गावात कोणाला तिसऱ्या 'नको'चा अर्थ ठाऊक नव्हता. तासाभर डोरीनच्या घरी चर्चा झाली. बायको परत आली, आणि माणसाने अन्न टाकलं! फोनवर सारखं कांद्याचं विचारत होता, म्हणजे कांद्याचीच धास्ती! दुसऱ्या दिवशी सकाळी मार्लिसने दार उघडलं तर पायरीवर अकरा भांडी. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरांत: 'कांदा नाही.'

मार्लिसने ती मोजली. मग तिने पर्लचा कोन, शाम्पू, मलम, डॉक्टरची पिशवी आणि कोरा तक्ता एका खोक्यात भरला आणि खोकं व्हर्लिनच्या हातात दिलं.

"जा तुझ्या खोपटीत. रोज सकाळी हिला घेऊन जायचं आणि अंधार पडला की आणायचं. तिथे हॉटडिश येत नाही."

व्हर्लिनचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. "खरंच?"

"खरंच. पण चालत जायचं, ट्रक नाही. आणि गळ टाकायचा नाही. मासाही पथ्याला चालत नाही."

तर असा व्हर्लिन सध्या तळ्यावर आहे. शेगडी पेटलेली, खुर्ची तीच, भोक तेच. भोकाच्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला पर्ल. दोघं खाली पाण्याकडे बघत असतात. कधीकधी एखादा लठ्ठ वॉलआय सावकाश खालून जातो. तो गेला की दोघं एकमेकांकडे बघत नाहीत.

नवव्या दिवशी खोपटीचं दार वाजलं. शेजारच्या खोपटीतला लेलँड ब्रेके, भुवयांवर बर्फ.

"काय, लागतायत का मासे?"

"वाईट नाही," व्हर्लिन म्हणाला.

लेलँडने गळ नसलेल्या भोकाकडे पाहिलं, गालावरच्या ताज्या रेघांकडे पाहायचं टाळलं आणि कोटाखालून टॉवेलात गुंडाळलेलं भांडं काढलं.

"बायकोने दिलंय. ठेव रे."

व्हर्लिनने 'नको' म्हणायला तोंड उघडलं. भोकापलीकडे पर्लनेही उघडलं. तिला 'नको' म्हणायचं नव्हतं.